माझी मुलगी दीप्ती हिला काही न देण्याचे कारण

मृत्युपत्र

मी, श्रीमती मालन दौलत बने, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डाव्या कानाने मला कमी ऐकू येते आणि गुडघे धरतात, पण बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही. सन २०१४ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी या लिखाणाने रद्द करते. त्यात घर अर्धे-अर्धे वाटले होते आणि एक खोटी गोष्ट तशीच राहू दिली होती.

या मृत्युपत्राचा मसुदा माझे माजी विद्यार्थी अॅड. पोपट भोईर यांनी दीड पानात करून आणला होता. मी नवीन कागद पुढे ओढलेले पाहून ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत. कोर्टाला यातलं काही लागत नाही."

मी म्हटले, "कोर्टाला नको असेल. मला लिहायचंय."

त्यांनी आपले दीड पान घडी घालून ठेवले. त्यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते.

कलम १. माझ्याविषयी.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत माझा जन्म झाला. पासष्ट साली लग्न होऊन कोपरीत आले आणि सदुसष्ट साली पालिकेच्या प्राथमिक शाळेत लागले. चौतीस वर्षे शिकवले. माझे यजमान कै. दौलत बने सन २००८ मध्ये वारले. मला दोन अपत्ये आहेत. मुलगी दीप्ती थोरली, मुलगा संदेश धाकटा.

कोपरीत मला सगळे बाई म्हणतात. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले माझ्याकडून भाडे घेत नाहीत, भाजीवाली मागितल्याशिवाय कोथिंबीर घालते. शिक्षकदिनाला फोनवर इतके निरोप येतात की प्रत्येकाला नावानिशी उत्तर देता देता नऊ तारीख होते. दहा तारखेपासून फोन पुन्हा मुका असतो.

संदेश व सून ऐश्वर्या घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला प्रेमाने नेले होते, मी चार महिने राहिले. दोघे सकाळी आठला बाहेर पडत आणि वाहतुकीत अडकत अडकत दिवेलागणीनंतर कधीतरी येत. दिवसभर मी खिडकीशी बसून खालच्या गाड्या पाहत असे. तिथे मला बाई म्हणणारे कोणी नव्हते आणि आई म्हणणाराही दिवसातून एकदाच भेटे. म्हणून परत आले. संदेशने हे मनाला लावून घेऊ नये. त्याची काही चूक नव्हती.

कलम २. अंत्यविधी.

विद्युतदाहिनीत करावा. दहावे-तेरावे संदेशला करायचे असल्यास करावे, माझा आग्रह नाही. शोकसभा मात्र घेऊ नये. माजी विद्यार्थी फार आग्रह धरतील, हॉलसुद्धा ठरवून मोकळे होतील, तरी भाषणे होऊ देऊ नयेत. कारण पुढे येईल.

कलम ३. हत्यारांची पेटी.

यजमानांची पत्र्याची पेटी, तीतील पाने, कानशी, हातोडी व व्हर्नियर, नातू ऋतुराज संदेश बने याला द्यावी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यजमान तीस वर्षे फिटर होते. कारखाना बंद पडला त्या दिवशी ही पेटी खांद्यावर घेऊन ते कोपरीपर्यंत चालत आले. बस का नाही घेतली असे मी विचारले तर म्हणाले, "घरी लवकर येऊन काय करायचं होतं?" ऋतुराजने पेटी शोभेला मांडून ठेवू नये, वापरावी. पावसाळ्याआधी कानशींना तेलाचा हात द्यावा.

कलम ४. रेडिओ.

भिंतीपलीकडच्या रमाबाईंशी मी एकोणीस वर्षे बोललेले नाही. एका हळदीकुंकवाला त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "बाईंच्या घरातलं सगळं ऐकू येतं आम्हाला. पाढे ऐकू आले, कविता ऐकू आल्या. हसणं काही कधी ऐकू आलं नाही." ते मला फार लागले, कारण ते खरे होते. आता त्याही एकट्या आहेत. त्यांच्या कुकरच्या शिट्या मला ऐकू येतात, माझा रेडिओ त्यांना. एखाद्या सकाळी मी तो लावला नाही तर त्या भिंतीवर दोनदा थापटतात, मग मी उलट दोनदा थापटते. एवढेच आमचे बोलणे. रेडिओ रमाबाईंना द्यावा. त्याचा मागचा सेल जरा दाबून बसवावा लागतो, हे त्यांना सांगावे.

कलम ५. पुरस्काराचे मानचिन्ह.

भिंतीवरच्या कपाटात उत्तम शिक्षिका म्हणून मिळालेले पितळेचे मानचिन्ह व काचेच्या चौकटीतले मानपत्र आहे. मानचिन्ह मोडीत घालावे, मानपत्र फाडून टाकावे. आठवण म्हणून कोणीही नेऊ नये, शाळेने मागितले तरी देऊ नये. त्या मानपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे की बनेबाईंनी स्वतःच्या पोटच्या मुलीलाही कॉपी करताना पकडून नापास केले, अशी त्यांची निःस्पृहता. ही गोष्ट कोपरीत सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक सत्काराला ती सांगितली गेली आहे.

ती खोटी आहे. खरे काय झाले ते पुढील कलमात लिहिते.

कलम ६. एकोणीसशे एकोणऐंशी सालची वार्षिक परीक्षा.

त्या वर्षी दीप्ती चौथीत होती आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. शाळेत तिने मला बाई म्हणायचे, घरी आई म्हणायचे, असे मीच ठरवून दिले होते. ती ते बिनचूक पाळत असे. उंबरठा ओलांडला की लगेच "आई, भूक लागली."

गणिताचे पेपर मी घरी तपासत होते. दीप्तीचा पेपर आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या गोदाचा पेपर ओळीला ओळ सारखा निघाला. सहावे गणित दोघींचे चुकले होते आणि दोघींचे उत्तर एकच होते. गोदा गणितात वर्गात पहिली यायची. दीप्ती गणितात बेताची, निदान मी तसे समजत होते. मला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन्ही पेपर हातात धरून दीप्तीला उभे केले. "कोणाचं बघून लिहिलंस?"

"मी नाही बघितलं, बाई."

"खोटं बोलू नकोस."

"नाही बघितलं, बाई. मी केलंय."

मी तिला तीनदा विचारले. गोदाला एकदाही विचारले नाही. मग सगळ्या वर्गासमोर दीप्तीच्या पेपरावर शून्य मांडले. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बनेबाई, लहान आहे ती. पुन्हा पेपर घेऊ तिचा." मी म्हटले, "दुसऱ्या कोणाचा घेतला असता का, सर?" हे वाक्य मी जरा मोठ्याने बोलले. खोलीत आणखी तीन शिक्षक बसले होते. आज मला वाटते की मी ते त्यांच्यासाठी बोलले होते.

दीप्ती गणितात नापास, म्हणून चौथीत नापास. पुढचे वर्ष ती पुन्हा माझ्याच वर्गात बसली, तिच्याहून उंचीने लहान मुलांमध्ये. यजमान चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढेच म्हणाले, "मालन, आपली पोर खोटं बोलत नाही." मी म्हटले, "शाळेच्या कामात तुम्ही पडू नका." ते पुन्हा कधी पडले नाहीत.

कलम ७. कागद.

मे महिन्यात मी दीप्तीचे दप्तर धुवायला काढले. तळाशी घडी घातलेला एक कागद होता. परीक्षेच्या वेळचे तिचे कच्चे काम. सगळी गणिते पायरी पायरीने सोडवलेली, खोडलेली, पुन्हा मांडलेली. सहाव्या गणितात तिने घाईत काढलेला स्वतःचाच १ पुढच्या ओळीत ९ म्हणून उतरवला होता. ती चूक कुठून आली ते त्या कागदावर उघड दिसत होते. ती तिथेच जन्मली होती. पेपरात दोघींचीही फक्त उत्तरे होती.

मी तो कागद दोनदा वाचला. पाणी तापवण्याचा बंब पेटवायचा होता. कागद मी बंबात घातला.

का घातला, याचे उत्तर मी पुष्कळ वर्षे असे देत आले की गोदाला बाप नव्हता. तिची आई खाडीवरून मासळी आणून बाजारात विकत असे. गोदाचे नाव पुढे आले असते तर त्या बाईने पोरीला शाळेतून काढून टोपलीपाशी बसवले असते. हे खोटे नाही, तसे झाले असते. गोदा पुढे शिकली, परिचारिका झाली. आजही दर गुरुवारी ती माझा रक्तदाब बघायला येते. पण हे कारण मला नंतर सुचले. बंबापाशी उभी होते तेव्हा माझ्या मनात गोदा नव्हती. पालकसभेत माझे नाव निघाले होते, रस्त्यात लोक थांबून नमस्कार करू लागले होते. ते जाईल, एवढेच मनात होते.

शाळा उघडली त्या दिवशी दीप्ती घरी आली आणि म्हणाली, "बाई, भूक लागली." मला वाटले, चुकून म्हणाली. चुकून नव्हे. त्या दिवसापासून तिने मला घरीही बाई म्हटले आणि तू सोडून तुम्ही म्हटले. लोकांना वाटे, काय शिस्त आहे घरात. मी कधी विचारले नाही.

ती शिकली, फार्मासिस्ट झाली, केतनशी लग्न करून डोंबिवलीला गेली. दोघांची मुलगी दक्षता. गणपतीत ती यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, प्रसाद घेऊन परत जायची. माझ्या सत्तरीचा समारंभ विद्यार्थ्यांनी केला, तेव्हा निवेदकाने ती गोष्ट रंगवून सांगितली आणि "आज त्या ताईसुद्धा इथे हजर आहेत" म्हणून दीप्तीला व्यासपीठावर बोलावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीप्ती वर आली, ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली, माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मी शालीच्या दशा सारख्या करत राहिले. ती काहीही न बोलता खाली उतरली आणि केतनला घेऊन निघून गेली. त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही. या गोष्टीला बारा वर्षे झाली.

कलम ८. डोंबिवली.

यंदा फेब्रुवारीत दक्षता एकटी आली. तिची नोकरी घोडबंदर रोडला आहे. चहा व्हायच्या आधीच तिने विचारले, "आजी, एक विचारू? आईने खरंच कॉपी केली होती?"

सेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. लोकांना ती गोष्ट आवडत होती, मग विचारील कोण? मी गॅस बंद केला आणि नातीला सगळे सांगितले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मग हे तू तिला सांग ना. मला काय सांगतेस?"

मी आधी सोपा मार्ग धरला. मृत्युपत्रात सगळे लिहायचे, घर दीप्तीच्या नावे करायचे आणि माझ्यामागे पोपटने ते सर्वांसमोर वाचायचे, असा मसुदा केला. तो दीप्तीला दाखवावा म्हणून एप्रिलमध्ये दक्षता मला आपल्या गाडीतून डोंबिवलीला घेऊन निघाली. शीळफाट्यावर दीड तास अडकलो. मागच्या सीटवर मी कागद मांडीवर घेऊन बसले होते.

दार दीप्तीने उघडले. केस पांढरे झाले आहेत तिचे. मला माहीत नव्हते.

"तुम्ही? एकट्या आलात?"

"दक्षता गाडी लावतेय."

तिने पाणी दिले आणि गवार मोडत समोर बसली. मी मसुदा वाचून दाखवला. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. वाचून झाल्यावर विचारले, "हे कधी वाचायचं?"

"मी गेल्यावर. सगळ्यांसमोर. पोपट वाचेल."

"म्हणजे तेव्हाही बोलणार तुम्हीच, आणि ऐकायचं मी. मी काही विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही नसणारच."

तिने गवारीचे ताट बाजूला ठेवले.

"तो कागद जाळलात तेव्हा मी कुठे होते, बाई?"

"बाहेर. लंगडी खेळत होतीस."

"दारात होते. तुम्ही तो दोनदा वाचलात. वाचून खाली बसलात. मला वाटलं, आता हाक माराल. मग उठलात आणि बंबात घातलात."

मी म्हटले, "दीप्ती, तू तेव्हाच का नाही…"

"मी नववं लागलेली पोर. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. शाळा उघडेपर्यंत थांबले. वर्ष गेलं त्याचं काही नाही, जातं एखादं. पण तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि दुसरं अख्खं वर्ष तुम्ही रोज हजेरी घेताना माझं नाव पुकारायचात आणि मी हजर म्हणायचे."

तेवढ्यात दक्षता वर आली. दीप्तीने चहा केला. निघताना तिने मला जिन्यावर हात दिला, कारण जिना उंच होता. मी तो हात तळमजल्यापर्यंत सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही. मी गाडीत बसल्यावर दीप्तीने दार लावले आणि काच वर जायच्या आत ती वळली होती.

कलम ९. नोव्हेंबरचा मेळावा.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा कोपरीतल्या एका हॉलमध्ये झाला. मी ठरवून गेले होते. संदेशला आधी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आई, कशाला आता उकरून काढायचं? या वयात?" मी म्हटले, "या वयातच. पुढे वय कुठे आहे?"

दोनशेच्या वर माणसे होती. माझ्याआधी बोलणाऱ्याने ती गोष्ट सांगितलीच. मी उठले आणि म्हणाले, "आत्ता सांगितलं ते खोटं आहे. माझ्या मुलीने कॉपी केली नव्हती. दुसऱ्या एका मुलीने तिचं बघून लिहिलं होतं. मला ते महिन्याभरात कळलं. पुरावा माझ्या हातात आला आणि मी तो जाळला. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं तुम्ही माझं कौतुक केलंत आणि मी ते घेत राहिले." गोदाचे नाव मी घेतले नाही.

मला बरे वाटले. वाटले, आता कोणीतरी उठून विचारील, "बाई, तुम्ही असं कसं केलंत?" त्या प्रश्नाची मी तयारी करून आले होते.

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मग सगळे उभे राहिले. एकाने ध्वनिक्षेपक हातात घेतला, त्याचा आवाज भरून आला होता. "असे शिक्षक आता होणे नाही! या वयात, सर्वांसमोर चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं!" मी ओरडले, "बसा खाली! टाळ्या कसल्या वाजवता?" तर सगळे हसले. प्रेमाने हसले. त्यांना वाटले, जुन्या बाई परत आल्या. पाया पडायला रांग लागली. मी दोन्ही हातांनी लोकांना बाजूला सारत होते आणि ते माझे हात धरून डोळ्यांना लावत होते. इतक्या माणसांमध्ये त्या दिवशी मला वाटले तितके एकटे, कोणी नसलेल्या माझ्या घरातही मला वाटलेले नाही.

टाळी न वाजवणारी एकच होती, गोदा. ती मला बाहेर व्हरांड्यात भेटली. एरवी दवाखान्यात बोलते तशी शुद्ध बोलत नव्हती.

"बाई, मीच तिचा बघून लिवलेला. मना ताप व्हता त्या दिवशी. आयनी पहाटेपासून कोलंबी सोलाया बसवलेली. आकडे डोल्यापुढं हालत व्हते. तुमी दीप्तीला उभी केली, तवा मना वाटला, आता माझा नंबर. तुमी मना इचारलाच नाय."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

तिने थोडा विचार केला. "ठाव नाय, बाई. पन इचाराया पायजे व्हता."

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तिचा पत्ता द्या मना." मी दिला. त्या आठवड्यात ती डोंबिवलीला जाऊन आली. दोघींचे काय बोलणे झाले ते मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या बोलण्यावर माझा हक्क नाही.

कलम १०. घर, ठेव व दागिने.

मेळाव्याचे चित्रण कोणीतरी फोनवर फिरवले. दहा-बारा दिवसांनी दीप्तीचा फोन आला. तिचे नाव पडद्यावर दिसले तेव्हा मला आधी वाटले, काही वाईट घडले.

"बघितलं मी," ती म्हणाली.

"हं."

"लोकांनी टाळ्या का वाजवल्या?"

"मला कळलं नाही गं. मी थांबवायला बघितलं."

"दिसलं ते." मग म्हणाली, "गोदा आलेली. खूप रडली."

"आणि तू?"

"मी जेवायला वाढलं तिला." आणि लगेच पुढे म्हणाली, "बाई, एक ऐका. ते घर माझ्या नावावर करू नका. मला काहीच देऊ नका. मी घेतलं की लोक म्हणतील, झालं, मिटलं. तुम्हालाही तसंच वाटेल. मला ते मिटवायचं नाहीये. निदान अशा तऱ्हेने नाही. दक्षताला काय द्यायचं ते द्या, ती तुमची नात आहे, तो तुमचा प्रश्न."

मी म्हटले, "बरं."

त्यानुसार लिहून ठेवते की कोपरीतील तळमजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर संदेश व दक्षता यांना सारख्या हिश्श्याने द्यावे. इमारत पुनर्बांधणीला जाणार असल्याचे बोलले जाते. त्या वेळी दोघांनी एकमेकांना विचारून सह्या कराव्यात. बँकेतील ठेवीतून अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ते ऋतुराज व दक्षता या दोन नातवंडांनी समान घ्यावे. माझ्या दोन बांगड्या सून ऐश्वर्या हिला द्याव्यात. मी तिच्याकडे राहत असताना ती रोज दुपारी ऑफिसातून फोन करून "आई, जेवलात?" असे विचारायची. मी दर वेळी "हो" म्हणायचे, कधी कधी जेवलेले नसतानाही. ते विचारणे मी विसरलेले नाही.

पुस्तके कोणाला हवी असतील त्याने न्यावीत. गोदाला काहीही देत नाही, कारण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे पोपट सांगतात. तिला काही नकोही आहे.

कलम ११. दीप्तीविषयी.

माझी मुलगी सौ. दीप्ती केतन साळुंके हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. तिने मला तसे सांगितले आहे. जाणत्या वयात तिने माझ्याकडे दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही, म्हणून हे मी मोडत नाही. माझ्या अंत्यविधीला ती आली किंवा आली नाही, तरी कोणी तिला त्याबद्दल विचारू नये.

खाडाखोडीचा खुलासा.

कलम अकराच्या शेवटी आणखी दोन वाक्ये होती. ती मी स्वतः खोडली असून समासात सही केली आहे. आज सकाळी ते कलम मी दीप्तीला फोनवर वाचून दाखवले. खोडलेल्या वाक्यांत मी लिहिले होते की तिला वगळले ही शिक्षा नव्हे, ती गुणी व प्रामाणिक मुलगी आहे.

ती म्हणाली, "ते शेवटचं काढा."

"लोकांना कळायला नको? उद्या काहीतरी तिसरीच गोष्ट सांगत बसतील."

"सांगू देत. मला तुमच्याकडून दाखला नको, बाई."

मी पेन घेऊन दोन्ही वाक्ये खोडली. तिने विचारले, "खोडलंत?" मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "वाचा परत." मी कलम पुन्हा वाचले. ती म्हणाली, "आता बरोबर आहे," आणि फोन ठेवला. मी मात्र तो बराच वेळ कानाशीच धरून बसले होते. साक्षीदार डॉ. कान्हा म्हात्रे त्या वेळी समोर होते.

हे लिखाण मी सलग वाचून पाहिले आहे. यातील प्रत्येक शब्द माझा आहे आणि तो मला मान्य आहे. खालील दोघांच्या देखत मी यावर सही करीत आहे आणि त्यांनी माझ्या देखत केली आहे.

ठिकाण: कोपरी, ठाणे (पूर्व)
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही) मालन दौलत बने

साक्षीदार:

१. (सही) डॉ. कान्हा विठ्ठल म्हात्रे, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व)

२. (सही) गोदावरी हरिश्चंद्र नाखवा, परिचारिका, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व)